नाव जुळलं म्हणजे पार्टी सापडली असं नाही

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्याने मला मध्यंतरी फोन केला. बाहेरगावची नवी पार्टी, ऑर्डर मोठी, पेमेंट उधारीवर. यांनी ई-कोर्टवर नाव टाकलं, तर १३८ ची केस निघाली. चेक बाऊन्स! लगेच स्क्रीनशॉट व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर. दोन दिवसांनी कळलं, तो माणूसच वेगळा. नाव-आडनाव तेच, वडिलांचं नाव दुसरं. ऑर्डर गेली ती गेलीच, वर माफी मागावी लागली.

माझं मत ऐका. पार्टी तपासायलाच हवी, पण नुसत्या नावावर तपासणं हे न तपासण्यापेक्षा वाईट. न तपासणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण अंधारात आहोत.

पनामा पेपर्स २०१६ साली बाहेर आले. त्या शोधपत्रकारांचा ऑफशोअर लीक्स डेटाबेस आज कुणालाही उघडता येतो. तिथेही स्पष्ट सूचना आहे की एकाच नावाची अनेक माणसं असतात, पत्ता आणि इतर माहितीवरून ओळख पटवा. जगभरचे पत्रकार एवढं जपतात, आणि आपण चहा संपायच्या आत निकाल देतो!

आणि आपल्याकडे तर स्पेलिंगचाच गोंधळ. चौधरी इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. आपलं सोलापूरसुद्धा जुन्या कागदांवर ‘शोलापूर’ असतं. म्हणजे चुकीचा माणूस सापडतो, तसा खरा निसटूनही जातो.

म्हणून नंबर धरा. जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर बघा: पी असेल तर व्यक्ती, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. पार्टी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ म्हणते आणि तिथे पी आहे? मग बिल नक्की कुणाच्या नावावर फाडताय ते आधी विचारा. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधलं की त्याच पॅनवरच्या इतर राज्यांतल्या नोंदण्याही दिसतात. एखादी रद्द झालेली असेल तर तेही कळतं. कंपनी असेल तर डायरेक्टरचा आठ अंकी डिन नंबर जुळवा. नावं दोघांची सारखी असतील, डिन नाही.

कोर्टाच्या नोंदीत मात्र सहसा पॅन दिसत नाही. तिथे पत्ता, वडिलांचं नाव, फर्मचं नाव, यातलं किमान दोन तरी जुळायला हवं. आणि केस चालू आहे की निकाली, पार्टी त्यात आरोपी आहे की फिर्यादी, हे वाचा हो! पैसे बुडालेलाच बिचारा केस टाकतो, आणि आपण त्यालाच बुडवा समजतो.

एवढं करूनही शंका राहिली तर सरळ पार्टीला फोन लावा. ‘साहेब, या नावाची एक केस दिसतेय, तुमचीच का?’ एवढंच विचारा. खरा व्यापारी यावर रागावत नाही, उलट कागद पाठवतो. आणि तोवर तो स्क्रीनशॉट आपल्याच मोबाईलमध्ये राहू द्या.