पोळ्या दोन की एक?

रात्रीचे साडेअकरा. सकाळी नऊला मीटिंग आहे, तरी आपण मोबाइल धरून लोळतोय. स्क्रीनवर एक मुलगी. पहाटे पाचला उठते, लिंबूपाणी पिते, मॅट उलगडते आणि पंधरा सेकंदांत पोट सपाट! पुढचं रील, ‘मी दिवसभरात काय खाते?’ उत्तर : जवळपास काहीच नाही. आपण टीशर्ट वर करून स्वतःच्या पोटाकडे बघतो. लाइट बंद, मूड ऑफ.

ओळखीचं वाटतंय ना? मीही त्यातलीच. गेल्या वर्षी ‘७५ हार्ड’ घेतलं. २०१९मध्ये अमेरिकेतल्या अँडी फ्रिसेलानं काढलेलं हे चॅलेंज. ७५ दिवस, रोज ४५ मिनिटांचे दोन वर्कआउट, डाएट, रोज एक फोटो. काही चुकलं की पुन्हा पहिला दिवस! डाएट कुठलं, ते आपण ठरवायचं. मी ते रील बघून ठरवलं. डब्यातल्या तीन पोळ्यांची एक झाली, मग तीही गेली.

ऑफिसात मात्र माझी चंगळ. ‘ए, कसली बारीक झालीस गं! टिप्स दे ना!’ एकीनंही विचारलं नाही, की तू जेवतेस का?

मग केस गळायला लागले. तीन महिने पाळी आली नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘जेवतेस किती?’ खाणं कमी आणि व्यायाम जास्त झाला, की शरीर काटकसर सुरू करतं. मेंदू पाळीची यंत्रणाच थांबवतो. इस्ट्रोजेन घटतं आणि हे लांबलं तर हाडं ठिसूळ होतात. हे कुठल्या रीलमध्ये सांगतात?

२००८मध्ये ‘टशन’च्या वेळी करिनाच्या साइझ झीरोचं वेड होतंच की. पण ती हिरॉइन होती. थिएटरबाहेर पडलं, की आपण आपले मोकळे. रीलमधली मुलगी शेजारच्या फ्लॅटमधली वाटते, म्हणून जास्त लागते. आणि तुम्ही एक रील रेंगाळून बघितलं, की तशीच दहा पुढ्यात हजर!

हे कंपनीला माहीत नव्हतं असंही नाही. फेसबुकचं अंतर्गत संशोधन २०२१मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं बाहेर काढलं. आपल्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या टीनएजर मुलींपैकी जवळपास तिघींत एकीला इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं त्यात होतं. नॉर्वेनं तर २०२२पासून जाहिरातीत शरीराचा आकार एडिट केला असेल तर तसं लेबल लावणं सक्तीचं केलं. इन्फ्लुएन्सर्सच्या पेड पोस्टनाही!

आपल्याकडे लेबल येईल तेव्हा येईल. तोवर मी अशी सगळी अकाउंट्स अनफॉलो केली. व्यायाम सोडलेला नाही हं. आठवड्यातून तीनदा पर्वती चढते, उतरल्यावर भूक लागते आणि मी चक्क जेवते. पाचव्या महिन्यात पाळी आली. एरवी कटकट वाटणारी ती पाळी, त्या दिवशी आईला फोन करून आनंदानं सांगितली!

तेव्हा मैत्रिणींनो, शेजारच्या डेस्कवरची कुणी अचानक बारीक दिसली, तर टिप्स मागू नका. आपला डबा उघडा आणि तिला म्हणा, ‘चल, जेवायला.’