उलटीची गोळी आणि एचआयव्ही

केमोथेरपीने होणारी मळमळ थांबवण्यासाठी ॲप्रेपिटंट हे औषध २००३ पासून वापरात आहे. शरीरातील ‘सबस्टन्स पी’ या रसायनाचे काम ते अडवते. तसे केल्यास एचआयव्हीची वाढ मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले. म्हणून अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी ते एचआयव्हीबाधितांना देऊन पाहिले. १४ दिवसांच्या चाचणीत रक्तातला विषाणू लक्षणीय कमी झाला नाही. पुढे २८ दिवस एआरटी चालू ठेवूनच ते दिले, तेव्हा शरीरातील दाहाच्या काही खुणा उतरल्या. हेही थोडके नव्हे. विषाणू दबला तरी हा दाह धुमसत राहतो आणि हृदयविकाराचा धोका वाढवतो. आमच्या मते मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात.

पण रुग्ण मोजके होते, दिवस थोडे. ‘उलटीच्या गोळीने एचआयव्ही जातो’ असे वस्तीत कोणी सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवा. हे औषध इतर औषधांचे रक्तातले प्रमाण बदलते. मेडिकलमधून परस्पर आणू नये.

आम्हाला खरी काळजी वाटते ती मळमळीला कंटाळून गुपचूप एआरटी सोडणाऱ्यांची. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो, त्याच गोळ्यांना दादही देईनासा होतो. घरच्यांनी ‘नाटकं करते’ म्हणून तिला गप्प करू नये. २००४ पासून सरकारी केंद्रात एआरटी मोफत मिळते. मळमळीवर इलाज होतो, गरज पडल्यास डॉक्टर गोळीही बदलून देतात. त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहायची गरज नाही.