गुणाचा दाखला आणि औषधाचे लेबल

अमेरिकेत १९०६ च्या अन्न व औषध कायद्याखाली जनावरांच्या औषधांवर झालेले खटले हा छोट्या व्यापाऱ्यांचा छळ होता; शेतकरी गुण आला तरच औषध पुन्हा घेतो, निरुपद्रवी पुडीने कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून लेबलाची उठाठेव सरकारने करू नये, असे प्रतिपादन अलीकडे ठामपणे केले जाते. हे प्रतिपादन गोठ्यात पाऊल न टाकता केलेले आहे.

गुणाचाच मुद्दा घ्यावा. ब्रुसेला या जंतूमुळे होणाऱ्या सांसर्गिक गर्भपातात गाय एकदा गाभडते, आणि पुढच्या वेताला बहुधा काहीही उपचार न करता पुऱ्या दिवसांचे वासरू देते; जंतू मात्र तिच्या अंगात राहतो व वारेतून, स्रावातून कळपात पसरतो. मधल्या काळात जिला पुडी चारली तिचे वासरू जगले की श्रेय पुडीला मिळते, शेतकरी प्रामाणिकपणे प्रशस्तिपत्र लिहून देतो, ते जाहिरातीत छापले जाते, आणि त्याच्या भरवशावर शेजारी आजारी गाय कळपातच ठेवतो. पुडी न दिलेली गाय शेजारी बांधून दोघींची तुलना कोणी करीत नाही. जुन्या तार्किकांनी काकतालीय म्हणून बाजूला सारलेले, कावळा बसला आणि फांदी मोडली या जातीचे हे अनुमान आहे, आणि प्रत्येक जुन्या वादात ते 'अनुभव' या नावाने परत येते.

निरुपद्रवीपणाविषयी एवढेच की डुकरांच्या कॉलऱ्यात, म्हणजे कळपच्या कळप संपवणाऱ्या विषाणुजन्य ज्वरात, मीठ, गंधक, कोळसा व हिराकस यांच्या भुकटीवर दवडलेले दिवस हेच नुकसान होय.

छळाचा आरोप तर उलटाच आहे. रोग बरा करण्याचे खोटे दावे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९१२ च्या शर्ली दुरुस्तीने ते आणले, पण फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर टाकले, आणि ते १९३८ च्या कायद्यापर्यंत उतरले नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर २०० डॉलर होता.

दावा करणाऱ्याने आधी पुरावा द्यावा, हाच न्याय्य नियम होय. तो पाळता येत होता: संशोधक मॅरियन डॉर्सेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांच्या कॉलऱ्याचे प्रतिरक्तद्रव्य उपचार न केलेली डुकरे तुलनेला ठेवून पारखले होते. आणि छळ म्हणावा तर या कायद्याखाली जप्त झालेला मालही जामीन भरून, लेबल सुधारून मालकाला परत नेता येत असे. मीठ आणि गंधक विकण्यास त्याला कोणीही मनाई केली नव्हती.