विश्लेषण : नव्या फ्लॅटमध्ये शेजारचा आवाज इतका का येतो? दोष शेजाऱ्याचा की भिंतीचा?

भिंतीला कान असतात, ही जुनी म्हण. मुंबई, ठाणे, पुण्यातील नव्या इमारतींमध्ये राहायला गेलेल्यांचा अनुभव मात्र असा की, भिंतीला आता तोंडही फुटले आहे. शेजारचा टीव्ही, पहाटेचा मिक्सर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, सारे काही घरात बसून ऐकू येते. वीस-वीस वर्षांचे कर्ज काढून घेतलेल्या घरात रात्रीची झोप मिळत नाही आणि राग निघतो तो शेजाऱ्यावर. खरे तर यातील बरीच भांडणे दोन कुटुंबांची नसून, मधल्या भिंतीची आणि डोक्यावरच्या स्लॅबची आहेत.

जुन्या घरांपेक्षा नव्या घरांत आवाज जास्त का?

हवेतून येणारा आवाज, म्हणजे बोलणे, टीव्ही किंवा गाणी, अडवण्याचे काम प्रामुख्याने भिंतीचे वजन करते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी थरथरते. भिंतीचे वजन दुप्पट झाले की साधारण पाच ते सहा डेसिबल आवाज अधिक अडतो. जुन्या इमारतींतील नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास भरते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सहा इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीचे वजन गिलाव्यासह सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात असते. म्हणजे फरक दहा डेसिबलच्या आसपास. माणसाच्या कानाला दहा डेसिबलची वाढ ही आवाज जवळपास दुप्पट झाल्यासारखी वाटते.

मग एएसी ब्लॉक वाईट का?

तसे नाही. हे ब्लॉक हलके असल्याने उंच इमारतीवरचा भार कमी होतो, काम झटपट होते आणि उष्णताही कमी शिरते. घराच्या आतल्या दोन खोल्यांमध्ये अशी भिंत चालून जाते. प्रश्न दोन वेगवेगळ्या घरांमधील सामाईक भिंतीचा आहे. तिथेही चार किंवा सहा इंचांत भागवले जाते, कारण भिंतीची जाडी वाचली की चटई क्षेत्र वाढते. त्यात दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले की तेवढ्या जागेत भिंत जवळपास उरतच नाही. भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यातील फट नीट भरली नाही, तर जाड भिंतीचाही उपयोग राहत नाही. आवाजाला पाण्यासारखीच फट पुरते.

‘माइवान’च्या काँक्रीट भिंतींचे काय?

अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत जड असते, त्यामुळे बोलण्याचा आवाज ती चांगला अडवते. तिची अडचण वेगळी आहे. भिंती आणि स्लॅब एकसंध असल्याने आघाताचा आवाज त्यातून दूरवर प्रवास करतो. तिसऱ्या मजल्यावरचे ड्रिल पाचव्या मजल्यावर शेजारीच चालल्यासारखे वाटते. वरच्या घरातील टाचांचा, खलबत्त्याचा, मुलांच्या धावण्याचा आवाज याच प्रकारातला. तो अडवायचा तर टाइल आणि स्लॅब यांच्यामध्ये लवचीक थर घालावा लागतो. बांधकामाच्या वेळी हे सोपे असते. लोक राहायला आल्यावर वरच्या घराची फरशी उखडावी लागते.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. रात्री मोठ्याने गाणी लावणाऱ्याविरुद्ध ११२ क्रमांकावर तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवासाठी दंडाची तरतूद आहे.

मात्र हे नियम लाऊडस्पीकर, फटाके, हॉर्न यांच्यासाठी आहेत. दोन वर्षांचे मूल घरात धावते किंवा डबा करायला पहाटे पाचला कुणी मिक्सर लावते, हा गुन्हा नाही आणि नसावाही. इथे शेजाऱ्यावर कायद्याचा बडगा उगारणे व्यर्थ आहे. दोन घरांमधील भिंतीने किती आवाज अडवला पाहिजे, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

भिंतीसाठी मानकच नाही का?

मानके आहेत. भारतीय मानक ‘आयएस १९५०’ हे १९६२ पासूनचे आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्येही ध्वनिरोधावर स्वतंत्र विभाग आहे. परंतु संहिता मुळात शिफारसवजा आहे. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी अग्निशमन यंत्रणा तपासली जाते, भिंतीतून आवाज किती जातो हे मोजले जात नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून नव्या घरांच्या सामाईक भिंतींसाठी किमान ४५ डेसिबलचा निकष आहे आणि काही घरांत प्रत्यक्ष मोजणी करावी लागते. दक्षिण कोरियाने २०२२ पासून बांधकाम पूर्ण झाल्यावर स्लॅबमधून जाणाऱ्या आवाजाची चाचणी सक्तीची केली.

‘रेरा’ची मदत होते का?

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जात दोष आढळल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सांध्यातील फटी, पाठीला पाठ लावलेले स्विचबोर्ड, पंप किंवा लिफ्टची थरथर अशा तक्रारी लेखी करण्यास याचा आधार घेता येतो. पण करारात ध्वनिरोधाचा आकडाच नसेल, तर ‘भिंत पातळ आहे’ हा दोष सिद्ध करणे अवघड जाते. जाहिरातीत ‘शांत, ध्वनिरोधक घरे’ असा दावा असेल तर मात्र ते पत्रक जपून ठेवावे. खोट्या दाव्याबद्दल दाद मागण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे.

तोवर रहिवाशांनी काय करावे?

घर घेताना केवळ आपल्या फ्लॅटचा नव्हे, पूर्ण मजल्याचा नकाशा पाहावा. बेडरूमला लागून शेजाऱ्याचा हॉल, लिफ्ट किंवा डक्ट आहे का, सामाईक भिंत किती इंची आणि कशाची, हे विचारावे. शक्य असल्यास शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कुणाला तरी मोबाइलवर गाणे लावायला सांगून ऐकावे.

राहायला गेल्यावर भिंतीवर फोमच्या शीट चिकटवण्यात पैसे घालवू नयेत. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज थांबत नाही. स्वतंत्र सांगाडा, त्यात रॉकवूल आणि वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, असे केले तर फरक पडतो, पण खोलीचे तीन-चार इंच जातात. त्याआधी स्वस्त उपाय करावेत : पलंग सामाईक भिंतीपासून दूर, स्विचबोर्डाच्या फटी बंद, मिक्सरखाली रबरी मॅट, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट. शेवटचे दोन उपाय शेजाऱ्याच्या घरात करायचे असतात, म्हणून पहिली पायरी तक्रारीची नव्हे, ओळखीची हवी. बऱ्याचदा पलीकडच्यांना आपला आवाज जातो याची कल्पनाच नसते.

पण समजूतदारपणाला भिंतीची जागा घेता येत नाही. चौरस फुटाला हजारो रुपये मोजणाऱ्या ग्राहकाला टाइलचा ब्रँड करारात लिहून मिळतो, भिंतीने अडवायच्या आवाजाचा आकडा मिळत नाही. तो करारात यावा आणि ताबा देण्यापूर्वी मोजला जावा. एवढे झाले, तरी अनेक शेजाऱ्यांमधील अबोला टळेल.