श्रेय एकाचे, ओझे दुसऱ्याचे

नेतृत्व म्हणजे वक्तृत्व, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, ज्याने सभा जिंकली त्याला राज्यही चालवता येईल असे आपण बिनदिक्कत गृहीत धरतो. सभा जिंकणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु लोकांच्या मनातून उतरण्याची तयारी ठेवून अंगीकृत कार्य तडीस नेणे हा गुण त्याहून दुर्मीळ होय, आणि त्याचा दाखला कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या इतिहासात सापडतो.

त्या प्रांताचे मुख्यमंत्री टॉमी डग्लस हे पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक आणि फर्डे वक्ते. सीबीसी या प्रसारण संस्थेने २००४ साली घेतलेल्या जनमताच्या कौलात सर्वश्रेष्ठ कॅनडियन म्हणून त्यांचीच निवड झाली. मात्र त्यांची खरी थोरवी वाणीपेक्षा सबुरीत होती. १९४४ साली सत्ता हाती आली तेव्हा प्रांत कर्जाखाली वाकलेला होता. म्हणून सर्वांसाठी वैद्यकीय विम्याचा कायदा एकदम न करता त्यांनी १९४६ साली स्विफ्ट करंट या एका विभागापुरता प्रयोग सुरू केला, १९४७ पासून रुग्णालयांचा खर्च विम्याखाली आणला आणि खजिना सावरल्यानंतरच, १९६१ मध्ये, तो कायदा विधिमंडळापुढे आणला. आपल्याकडे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना राज्यभर नेण्यापूर्वी तासगाव तालुक्यात करून पाहिली, ती याच वृत्तीने.

त्याच सुमारास डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले आणि कायदा संमत करून तो अमलात आणण्याचे ओझे, मुख्यमंत्रिपदासह, वुड्रो लॉइड या मितभाषी, पेशाने शिक्षक असलेल्या सहकाऱ्यावर येऊन पडले. मे १९६२ मध्ये ते स्वतः डॉक्टरांच्या सभेत गेले, आपली बाजू त्यांनी शांतपणे मांडली. आणि ज्यांना हा कायदा अमान्य असेल त्यांनी उभे राहावे असे अध्यक्षांनी म्हणताच जवळजवळ सारे सभागृह त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. १ जुलैला कायदा अमलात आला, त्याच दिवशी बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. लॉइड यांनी ना कायदा मागे घेतला, ना डॉक्टरांवर आगपाखड केली. ब्रिटनमधून डॉक्टर आणवले, मध्यस्थाकरवी वाटाघाटी चालू ठेवल्या, आणि योजनेबाहेर राहून व्यवसाय करण्याची मुभा डॉक्टरांना देऊन, परंतु सार्वत्रिक विम्याचे मूळ तत्त्व न सोडता, २३ जुलैला तडजोड घडवून आणली. कशात नमते घ्यावे आणि कशात घेऊ नये याचा विवेक त्यांना होता, आणि नेत्याची कसोटी लागते ती इथेच.

१९६४ च्या निवडणुकीत त्यांचे सरकार पडले. त्या कायद्यावर टीका करीत आलेला पक्ष सत्तेवर आला. त्याने पुढे रुग्णांवर काही शुल्क बसवले खरे, पण योजना मोडण्याचे धाडस त्याला झाले नाही. १९६६ साली केंद्रीय कायदा झाला, आणि १९७२ पर्यंत सारा देश त्या छत्राखाली आला. आज ओंटारिओतील मराठी कुटुंबाच्या खिशातही आरोग्यपत्र असते. लॉइड यांचे नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही.

आपल्या दारी मते मागायला येणाऱ्याला, तो काय देणार हे आपण हटकून विचारतो. त्याने ते आधी कोठे करून पाहिले, त्यासाठी तजवीज काय केली, आणि त्यापायी खुर्ची गेली तरी चालेल काय, हेही विचारण्याची सवय मतदारांनी लावून घेतली, तर लॉइड यांच्यासारखी माणसे राजकारणात टिकतील.