बैल गेल्यावर झोपा नको, विधेयकाचा माग काढा!

कायदा झाला हे आपल्याला कळतं कधी? फॉरेस्टचा गार्ड काठी आपटत पाड्यात येतो तेव्हा. मग आपण भाकरी बांधून पायी तालुक्याला मोर्चा नेतो. साहेब बाहेर येऊन म्हणतो, "कायदा तर झाला, आता माझ्या हातात काय?" घोषणा देऊन आपण परत. बैल गेला नि झोपा केला! हे आम्ही दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच सुनावतो आहोत.

1974 चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा आठवा. सरकारने केवढा डांगोरा पिटला! पण कलमं वाचा. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्याच जमिनी परत. 6 जुलै 1974 च्या आधी तिथे शेती सोडून दुसरा वापर झाला असेल, तर ती सुटली. अर्जाला मुदत मुळात तीन वर्षं होती. वर शेतसाऱ्याच्या 48 पट रक्कम आणि समोरच्याने केलेल्या सुधारणांची किंमत आपणच भरायची. म्हणजे चोरीचा माल मालकानेच विकत घ्यायचा! हा एकेक शब्द कलमात बसत होता तेव्हा आपण कुठे होतो? आपली आवणी करत होतो. मुंबईत काय चाललंय याचा आपल्याला पत्ताच नव्हता.

पुढे पुन्हा तीच वेळ आली. 24 डिसेंबर 1996 ला अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा दिल्लीत झाला. राज्यांनी आपले कायदे एका वर्षात त्याला जुळवायचे होते. म्हणजे महाराष्ट्रातही विधेयक येणार होतं. दिल्लीचा कायदा म्हणतो, जमीन घेण्याआधी ग्रामसभा "किंवा" योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी. या "किंवा"कडे नीट बघा. ग्रामसभा म्हणजे पाड्यातली म्हातारीसुद्धा. पंचायत म्हणजे चार-पाच जणांच्या सह्या, त्याही कधी कधी धाब्यावर बसून केलेल्या. यातलं राज्य काय उचलणार होतं? आणि नुसती सल्लामसलत, की गावाची संमती? ते विधेयकात ठरणार होतं.

विधेयकाची वाट अशी असते. आधी ते सभागृहात मांडतात, छापील प्रत आमदाराच्या हातात पडते. मग ते विचारात घ्यायचं का यावर चर्चा होते. समितीकडे पाठवा ही मागणी इथेच करायची. मग एकेक कलम मताला टाकतात. शब्द बदलायची जागा हीच, पण आमदाराने दुरुस्तीची लेखी सूचना आधी द्यावी लागते. मग विधेयक संमत, मग विधान परिषदेत पुन्हा हाच फेरा, मग राज्यपालांची सही, मग राजपत्र. सरकारला घाई असली तर ही सगळी वाट दोन-चार दिवसांत उरकते. अधिवेशन नसेल तर वटहुकूम निघतो. म्हणून सावध राहायला पाहिजे.

288 आमदारांत 1997 मध्ये 22 जागा आपल्यासाठी राखीव होत्या. मतं मागायला डोंगर चढून येणारे हे लोक विधेयकाची प्रत घेऊन एकदा तरी पाड्यात आले का? विचारा त्यांना! सही झाल्यावरही एक दार उरतं. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करायचा नाही, किंवा बदल करून लागू करायचा, हे राज्यपाल ठरवू शकतात. पण मागितल्याशिवाय कोण देतो?

तेव्हा कामं वाटून घेऊ. दर गावाने शिकलेली दोन पोरं नेमावी. अधिवेशन चालू असताना त्यांनी रोज रेडिओच्या बातम्या ऐकाव्या, पेपर वाचावा. आपल्या आमदाराकडे प्रत मागावी, तीही लेखी. प्रत आली की ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, ठराव करून कुठला शब्द बदलायचा ते लिहून द्यावं. आमदाराने दुरुस्ती मांडली की नाही, हे पुढच्या सभेत सगळ्यांसमोर सांगावं.

रानात जनावराचा माग आपल्याइतका कुणाला काढता येतो? मग कागदाचा माग का नाही येणार?