पंपघरातील संगणकाची मरामत

मागील एका कुरुवै हंगामात तंजावूर जिल्ह्यातील एका भातशेतावर जाण्याचा योग आला. यजमान तंजावूरच्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी. घरात मराठी, शेतावर तमिळ, आणि पंपघराच्या भिंतीवरील पत्र्याच्या पेटीत इंग्रजी. या पेटीत एटीएम कार्डाएवढा एक संगणक होता, रास्पबेरी पाय जातीचा, लिनक्स प्रणालीवर चालणारा. एका प्रकल्पातून तो बसवला गेला होता. प्रकल्पाची मुदत संपली, बसवणारे तंत्रज्ञ दुसऱ्या नोकरीत गेले आणि पेटी मात्र मागे राहिली.

तिचे काम साधे होते. भातखाचर आलटून पालटून भिजवण्याच्या व सुकवण्याच्या पद्धतीत बांधाजवळ भोके पाडलेली नळी रोवतात. नळीतील पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या आधीच्या आठवड्यापासून नंतरच्या आठवड्यापर्यंत मात्र ही सवलत नाही, तेव्हा खाचरात सुमारे ५ सेंटिमीटर पाणी उभे हवे. नळीतील पातळी संवेदक मोजत असे, संगणक ती नोंदवत असे आणि यजमान भ्रमणध्वनीवर आकडा पाहून पंप चालू करत.

आम्ही पोहोचलो तेव्हा पीक फुलोऱ्यात होते आणि पडद्यावर ४ सेंटिमीटर हा आकडा होता. बांधावर उभे राहिल्यावर चिखलाला बारीक भेगा दिसल्या. तो आकडा दोन दिवसांपूर्वीचा होता. मोजणारा कार्यक्रम बंद पडला होता, पण दाखवणारा भाग वेगळा असल्याने तो शेवटचा आकडा निष्ठेने दाखवत राहिला होता. त्या तुकड्यात पुढे पोचट दाण्यांचे प्रमाण वाढले. किती, ते मोजले गेले नाही, पण यजमानांच्या चेहऱ्यावरून अंदाज येत होता.

झाले असे होते. यजमानांचा मुलगा अभियांत्रिकी शिकतो. लिनक्स त्याला अपरिचित नव्हते. तमिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना जे लॅपटॉप दिले, त्यांत विंडोजच्या जोडीला सी-डॅकने डेबियनवर उभारलेली ‘बॉस’ ही प्रणालीही असे. घरातल्या थोरल्या भावाचा तसा लॅपटॉप त्याने हाताळला होता. सुटीत आल्यावर पेटीतील प्रणाली जुनी झाल्याचे त्याला दिसले आणि चांगल्या हेतूने त्याने ती अद्ययावत करायला घेतली. प्रथम ‘कुलूप मिळत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला. कुठेतरी वाचलेल्या उपायाप्रमाणे त्याने कुलपाची संचिकाच पुसून टाकली. नंतर भांडारांच्या यादीत बुल्सआय हे आवृत्तीचे नाव खोडून बुकवर्म लिहिले आणि संपूर्ण अद्यतनाचा आदेश दिला. काम अर्ध्यावर असताना वीज गेली.

या कुलपाबद्दल दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तोच उपाय आमच्याकडील अनेक केंद्रांवर सर्रास केला जातो. पॅकेजांची नोंदवही एका वेळी एकाच कार्यक्रमाच्या हाती असावी म्हणून प्रणाली कुलूप घालते. बहुधा मागे आपोआप चालणारे एखादे अद्यतन सुरू असते आणि काही मिनिटांत ते संपते. पाटावर शेजाऱ्याची पाळी चालू असताना आपण फळी उचलली तर पाणी दोघांनाही धड मिळत नाही आणि बांध फुटतो तो निराळाच. येथे थांबावे. अर्ध्या तासानेही कुलूप सुटले नाही तर कोणता कार्यक्रम अडून बसला आहे ते पाहावे, आणि मगच यंत्र रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावे.

मी आणि तो मुलगा दुपारभर पेटीसमोर बसलो. पहिलाच आदेश दिला तेव्हा यंत्राने सांगितले की डीपीकेजीचे काम मध्येच खंडित झाले आहे, अमुक आदेश स्वतः चालवा. म्हणजे दुखणे आणि औषध एकाच ओळीत होते. ‘डीपीकेजी, कॉन्फिगर, ए’ हा तो आदेश. त्याने अर्धवट बसलेली पॅकेजे एकेक करून मार्गी लावली. उरलेली गुंतागुंत ‘ॲप्ट’च्या तुटलेली अवलंबने दुरुस्त करणाऱ्या आदेशाने सुटली. मुलाने हा संदेश आदल्या दिवशीही पाहिला होता, पण वाचला नव्हता. विस्तार कार्यात आपण रोगट पान हातात घेऊन निरखायला शिकवतो, फवारणीचे नाव नंतर सांगतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आपण सारे थेट फवारणीकडे धावतो.

दुसरी अडचण अधिक बोधप्रद होती. पॅकेजांची यादी ताजी करू गेलो तर प्रणाली म्हणाली की भांडाराची प्रकाशन-नोंद अजून वैध झालेली नाही. म्हणजे यंत्राच्या मते ती नोंद भविष्यातील होती. कारण असे की रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत या संगणकांत स्वतःचे, विजेविना चालणारे घड्याळ नाही. पाचव्या पिढीत घड्याळ आले, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली की यंत्र शेवटची नोंदलेली वेळ धरून उठते आणि महाजालाची जोडणी मिळाल्यावर खरी वेळ जुळवते. येथे जोडणी नव्हती आणि वेळ जुळवणारी सेवाच अर्धवट बसवलेली होती, म्हणून घड्याळ अर्धा दिवस मागे राहिले. हाताने तारीख व वेळ घातली आणि तक्रार थांबली. पण शेतीच्या दृष्टीने खरा धोका पुढेच आहे. घड्याळ चुकले की पाणी, तापमान, पाऊस यांच्या सर्व नोंदी चुकीच्या तारखांखाली जातात, आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने चुकतात. डीएस ३२३१ जातीचे, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारे घड्याळ काही शे रुपयांत जोडता येते. शेतात ठेवायच्या प्रत्येक पेटीत ते असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अद्यतन पूर्ण झाले, तरी मोजणारा कार्यक्रम सुरू होईना. बुल्सआयमध्ये पायथॉन ३.९ होते, बुकवर्ममध्ये ३.११ आले. संवेदकाचे ग्रंथालय जुन्या पायथॉनच्या घरात राहिले आणि नव्याला ते दिसेना. ते पुन्हा बसवू गेलो तर ‘पिप’ने नकार दिला: हे वातावरण बाहेरून व्यवस्थापित आहे. बुकवर्मपासून डेबियनने ही शिस्त घातली आहे, आणि ती योग्यच आहे, कारण प्रणालीच्या पॅकेजांत बाहेरची ग्रंथालये मिसळल्याने फार यंत्रे बिघडली. नकार मोडून काढणारा एक पर्याय संदेशातच दिलेला असतो. तो वापरू नये. कार्यक्रमासाठी ‘वेन्व्ह’ने वेगळी खोली करावी आणि त्याची ग्रंथालये त्या खोलीतच ठेवावीत. तसे केले आणि दिवेलागणीला पडद्यावर खरा आकडा उमटला.

जागा संपलेले मेमरी कार्ड, कमी दाबाचा विजेचा अडॅप्टर, मुदत संपलेली स्वाक्षरी-किल्ली, जुनी आवृत्ती संग्रहात हलवल्यामुळे येणारा ४०४ क्रमांकाचा दोष, ही मंडळीही ठरलेली आहेत. त्यांचे उपाय सोपे आहेत आणि कोणत्याही माहितगाराकडे मिळतील.

माझा मुद्दा त्याहून निराळा आहे. या प्रसंगात चूक मुलाची नव्हती. आपले प्रकल्प-प्रस्ताव पेटीची किंमत मांडतात, संवेदकांची मांडतात, प्रशिक्षणाच्या चहापाण्याचीही मांडतात. पेटी बसल्यानंतरच्या वर्षांचा रकाना मात्र त्यांत नसतो. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तीन वर्षे पूर्ण आधार आणि त्यापुढचा दीर्घ मुदतीचा आधार धरून एकूण पाच वर्षे मिळतात. म्हणजे आज बसवलेली पेटी जुनी केव्हा होणार, हे बसवतानाच ठाऊक असते. ते ठाऊक असूनही जबाबदार व्यक्ती न नेमणे याला दुर्लक्षाखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असते की चालते यंत्र छेडूच नये, अद्यतने बंदच ठेवावीत. त्यांत तथ्य आहे. उभ्या पिकात, विशेषतः फुलोऱ्यात, यंत्राला हात लावू नये हे मीही म्हणेन. पण महाजालाला जोडलेली पेटी वर्षानुवर्षे तशीच ठेवली तर तिच्यातील सुरक्षेची छिद्रे बुजत नाहीत, आणि एखादे लहानसे पॅकेज हवे असले तरी भांडारच जागेवरून उठून गेलेले असते. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. एकही अद्यतन न घेता तो आजही वाचता येतो. सॉफ्टवेअर दगडात कोरलेले नसते, हाच काय तो फरक!

जबाबदारी कशी वाटून घ्यावी, हे मात्र याच भूमीत शिकता येते. कावेरीच्या प्रदेशात पाणी येण्यापूर्वी गावाने आपले कालवे व तळी उपसून दुरुस्त करायची जुनी रीत आहे. तिला कुडिमरामत्तु म्हणतात. शब्दातील ‘मरामत’ आपल्या ओळखीची आहे. तमिळनाडू शासनाने गेल्या दशकात याच नावाने ही रीत पुन्हा चालवली. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत पाट साफ करण्याची वेळ ठरलेली, पाटकरी ठरलेला आणि त्याचा मोबदलाही ठरलेला. संगणकाच्या पेटीला एवढेच हवे आहे: ठरलेली वेळ, ठरलेला माणूस, ठरलेला मोबदला. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून, म्हणून तंजावूरच्या पेटीची मरामत त्यापूर्वी व्हावी. महाराष्ट्रात ती रब्बीची काढणी उरकल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत सोयीची. मरामतीपूर्वी चालत्या कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढून घ्यावी, यंत्र बॅटरीच्या आधारावर ठेवावे आणि आवृत्ती बदलायची असेल तर जुन्यावर नवी न चढवता कोऱ्या कार्डावर नवी प्रणाली बसवावी. काही बिनसले तर जुने कार्ड परत घालायला पाच मिनिटे लागतात.

कृषी विज्ञान केंद्रांनी आणखी दोन कामे अंगावर घ्यावीत. ॲप्ट आणि डीपीकेजी यांच्या संदेशांचा मराठी अनुवाद झालेला आहे, परंतु नव्या संदेशांपैकी बरेच इंग्रजीतच दिसतात. नेहमी भेटणाऱ्या दहा-बारा संदेशांचा अर्थ आणि पहिली कृती मराठीत छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवता येईल. दुसरे, आपल्या शिफारशीने बसणाऱ्या कोणत्याही पेटीने आकड्यासोबत तो किती वेळापूर्वीचा आहे हे दाखवलेच पाहिजे, आणि तो जुना झाला तर आकडा झाकून टाकला पाहिजे. ही अट निविदेत घालायला पैसे पडत नाहीत.

निघताना यजमानांनी एकच विचारले, “पुढच्या वेळी हे कोणी करायचे?” उत्तर मुलाने दिले. कार्डाची प्रत त्याने बिस्किटांच्या डब्यात ठेवली, डबा पंपघराच्या फळीवर ठेवला आणि झाकणावर तमिळमध्ये व खाली मोडक्या देवनागरीत लिहिले: पुढची मरामत एप्रिलमध्ये, उडीद निघाल्यावर.